घरातल्या आवाजाचं वेळापत्रक

"मॅडम, तीन झाल्या. गॅस बंद करून येता का?"

सकाळची सव्वासहाची ऑनलाइन इंग्रजीची तुकडी चालू होती. मी प्रेझेंट परफेक्ट शिकवत होते आणि लातूरची एक नर्स माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. मी म्हटलं, हेच इंग्रजीत सांगा. ती म्हणाली, "द कुकर इज व्हिसल थ्री टाइम." मग इज का नाही, हॅज का, व्हिसलला ईडी कुठून आलं, टाइमला एस का लागला, यात वीस मिनिटं गेली. चौघींना प्रेझेंट परफेक्ट कायमचं कळलं. वरण मात्र बुडाला लागलं.

मी चिंचवडला राहते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आमच्या टॅक्स कन्सल्टंट सरांनी सगळ्यांना टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरसकट घरी पाठवलं. बाकीचे हळूहळू परत गेले, मी सरांशी बोलून घरूनच राहिले. दुसऱ्या वर्षी इंग्रजी बोलायला शिकवायला लागले. घरात नवरा, सासूबाई, आठवीतली थोरली आणि चौथीतला धाकटा. नवरा चाकणला शिफ्टमध्ये. म्हणजे घराचं घड्याळ दर आठवड्याला बदलतं.

पहिली दोन वर्षं मी रंगीत वेळापत्रकं केली. निळा रंग ऑफिसला, हिरवा शिकवण्याला, गुलाबी घराला. कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या त्या कागदांनी रंग धरला, घराने धरला नाही. नंतर लक्षात आलं की वेळ कमी पडतच नव्हता, शांतता कमी पडत होती. जीएसटीची बिलं मला कल्ल्यात टाकता येतात. आकडे जुळवताना शेजारी मिक्सर फिरला तरी ताळेबंद बिघडत नाही. पण एखादी मुलगी आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत वाक्य बोलायला धजतेय आणि मागून "अगं ए, टॉवेल कुठाय?" असं आलं, की तिचं वाक्य तिथेच बसतं. पुढचे दहा मिनिटं ती तोंड उघडत नाही.

म्हणून मी आता कामं वेळेवर वाटत नाही, आवाजावर वाटते. तुम्हाला करून बघायचं असेल तर असं करा.

आठ दिवस नुसतं ऐका

कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान उलटं करा आणि आठ दिवस घरातले, इमारतीतले आवाज वेळेसकट टिपा. काहीही बदलू नका, फक्त लिहा. माझ्या पानावर काय निघालं ते सांगते.

पहाटे पाच दहाला पाण्याची मोटर. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं, आणि सोसायटीची मोटर नेमकी आमच्या बेडरूमच्या खाली. पावणेसहाला पहिली शिफ्ट असेल तर नवऱ्याची धावपळ, सहा दहाला त्याची बस. साडेसातला घंटागाडी, तिच्या गाण्यासकट. आठ ते नऊ सगळ्या मजल्यांवर मिक्सर आणि शिट्ट्या. साडेनऊनंतर कुठेतरी ड्रिल, कारण इमारतीत कायम कुणाचं तरी फर्निचर चालू असतं. एक ते तीन चिडीचूप. पावणेचारला शाळेची बस. पाच ते सात पार्किंगमध्ये क्रिकेट. सात ते दहा सासूबाईंच्या मालिका. दहानंतर पुन्हा शांतता, पण तेव्हा माझे डोळे मिटलेले.

आता या यादीत तीन प्रकार वेगळे करा. रोजचे आवाज, वार बघून येणारे, आणि न सांगता येणारे. रोजचे चुकवता येतात. वारांचे कॅलेंडरवर मांडता येतात. तिसऱ्यांशी भांडण नको, त्यांच्यासाठी फक्त सुटण्याची वाट ठेवायची. ती पुढे सांगते.

दिवसाआड पाण्याने मला फार छळलं. सकाळची तुकडी सोम, बुध, शुक्र. दिवसाआड म्हणजे या आठवड्यात पाणी सोमवारी आलं, तर पुढच्या आठवड्यात मंगळवारी. म्हणजे एक आठवडा तिन्ही दिवस मोटर डोक्याखाली आणि दुसरा आठवडा तिन्ही दिवस शांत. मी वार बदलायच्या विचारात होते, पण वार कुठलेही घेतले तरी तेच होणार होतं. शेवटी आठ दिवसांचं पान बघितल्यावर दिसलं की मोटर सहाच्या सुमारास बंदच होते. तुकडी सहाची होती, ती सव्वासहाला नेली. वर्षभराचं दुखणं पंधरा मिनिटांत बरं झालं. लिहिल्याशिवाय हे दिसलं नसतं, कारण चिडलेल्या माणसाला मोटर दिवसभर चालू आहे असंच वाटतं.

कुठलं काम कुठल्या आवाजात

शांततेत फक्त एकच काम ठेवा, जिवंत शिकवणं. बाकी काहीही तिथे घुसू देऊ नका. दुपारी एक ते तीनमध्ये मी पूर्वी रिटर्नची कामं उरकायची, शांत आहे म्हणून. ते म्हणजे पैठणी नेसून भाजीला जाण्यासारखं. आता दीडला गृहिणींची तुकडी घेते. मुलं शाळेत, नवरे कामावर, स्वयंपाक झालेला. त्यांच्याकडची शांतता आणि माझ्याकडची शांतता एकाच वेळी असते. विद्यार्थी निवडताना हे बघाच. नुसती तुमची रिकामी वेळ नको, त्यांचं घर त्या वेळी कसं असतं तेही विचारा.

मधल्या आवाजात टॅली, एक्सेल, क्लायंटचे ईमेल. सकाळी दहा ते एक आणि दुपारी तीन ते सहा मी हेच करते. ड्रिल चालू असलं तर कानात जुनी नाट्यगीतं.

आणि भर कल्ल्यात ऐकायचं काम. हे मला उशिरा सुचलं. विद्यार्थी व्हॉट्सॲपवर रोज एक मिनिटाचा आवाज पाठवतात. आज काय केलं ते इंग्रजीत सांगायचं, बस. पोळ्या लाटताना एका कानात इअरफोन घालून मी ते ऐकते. आठ विद्यार्थ्यांची आठ मिनिटं, म्हणजे साधारण सात-आठ पोळ्या. चूक सापडली की ओट्यावरच्या पाटीवर खडूने एक शब्द लिहिते आणि नंतर एका ओळीत उत्तर पाठवते. ऐकणं कल्ल्यात जमतं. बोलणं जमत नाही, हा फरक धरून चाला. एक मिनिटाची मर्यादा मात्र सोडू नका. एका उत्साही गृहस्थांनी मला अकरा मिनिटांची केळी पाठवली होती. जळगावचे बागायतदार आहेत, लागवडीपासून सुरुवात केली.

रात्री नऊची तुकडी मी चार महिने चालवली आणि बंद केली. पैसे चांगले होते. पण त्या वेळी मालिका चालू, धाकट्याची झोपायची वेळ, आणि सेकंड शिफ्ट असेल तर नवरा घरात नाही. सासूबाईंना टीव्हीसाठी हेडफोन आणला तर म्हणाल्या, "मला काय बहिरी समजलीस?" हेडफोन अजून डब्यात आहे. माझं मत विचाराल तर लहान मूल असलेल्या घरात रात्रीची तुकडी घेऊच नये.

खोलीची तयारी

ध्वनिरोधक फोम वगैरे घेऊ नका. दोन गोष्टी समजून घ्या. खोलीत तुमचाच आवाज भिंतींवर आपटून घुमतो, तो एक त्रास. बाहेरचा आवाज आत येतो, तो दुसरा. गोधडी, गादी, साड्यांचं उघडं कपाट यांनी पहिला कमी होतो. मी दाराच्या मागे आईने शिवलेली गोधडी खिळ्यांवर टांगते आणि कपाटाकडे तोंड करून बसते. बाहेरचा आवाज मात्र गोधडीने थांबत नाही, तो फटीतून येतो. म्हणून दाराच्या खालच्या फटीला सोलापुरी चादरीची गुंडाळी लावा. खर्च शून्य, फरक लगेच.

लॅपटॉपचा माइक सगळी खोली ऐकतो. मोबाइलचा साधा वायरचा इअरफोन घ्या, त्याचा माइक तोंडाजवळ येतो. झूममध्ये मागचा आवाज दाबायची सोय आहे, ती गृहिणींच्या गप्पांच्या वेळी पूर्ण चढवून ठेवते. उच्चारांच्या दिवशी उतरवते. कारण पंख्याबरोबर कधीकधी स आणि फसारखी हलकी व्यंजनंही ती गिळते, आणि मग मी बिचारीला उगाच सांगत बसते की तुमचा एस ऐकू येत नाही.

एक चूक माझ्याकडून झाली ती तुम्ही करू नका. स्क्रीन दाखवताना मी धड्याच्या पानाऐवजी चुकून एका क्लायंटचा खातेउतारा उघडला. तीन-चार सेकंदच. कुणी वाचलंही नसेल, पण माझे हात गार पडले. त्याच दिवशी सरांना फोन करून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, लॅपटॉपवर दोन वेगळी खाती करा. आता शिकवण्याच्या खात्यात टॅलीच नाही, क्लायंटची फाइल नाही, ऑफिसचा ईमेल नाही. दीड वाजता एका खात्यातून बाहेर पडायचं आणि दुसऱ्यात शिरायचं. त्या अर्ध्या मिनिटात डोकंही बदलतं, हा वरचा फायदा.

आणि सरांची परवानगी मी आधीच लेखी घेतली होती. तुम्हीही घ्या. नेमणुकीच्या पत्रात दुसरं काम करण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा, नसेल लिहिलं तरी विचारा. आमच्या सरांनी दोन अटी घातल्या. आपल्या क्लायंटना शिकवायचं नाही, आणि तारखा चुकवायच्या नाहीत. लपवून काम केलं असतं तर त्या खातेउताऱ्याच्या दिवशी फोन करायची हिंमत झाली नसती.

चाळीस मिनिटांचा धडा

झूमच्या मोफत खात्यावर मीटिंग ४० मिनिटांनी आपोआप बंद होते. गूगल मीटवर तीन किंवा जास्त माणसं असली तर ६० मिनिटं मिळतात. मी मुद्दाम झूम ठेवलंय. मराठी माणूस "बरं, ठेवते हं" म्हटल्यावर दारात उभा राहून अजून अर्धा तास बोलतो. झूम तसं करू देत नाही. ती ४० मिनिटं बंद झाली की मी उठते, आणि घरातल्यांनाही कळतं की आई किती वाजता बाहेर येणार. मुलांना "थोड्या वेळाने" कळत नाही, "सहा पंचावन्नला" कळतं.

दर आठवड्याला एकच धडा करा आणि तो सगळ्या तुकड्यांना शिकवा. मी शनिवारी दुपारी एका पानावर तो लिहिते. प्रत्येक तुकडीला वेगळं काढत बसलात तर तयारीच तुम्हाला खाईल. धडे पुस्तकातून शोधू नका, मराठीतून शोधा. आपले विद्यार्थी मराठीत विचार करून अडखळतात, तर अडखळण्याची जागाही मराठीतच असते.

माझा सगळ्यात चाललेला धडा म्हणजे ‘मला’. मला भूक लागली. मला दोन भाऊ आहेत. मला जायचंय. मला जावं लागतं. मला पोहता येतं. मला वाटतं. मला माहीत आहे. मला बक्षीस मिळालं. मराठीत सगळीकडे मला, इंग्रजीत सगळीकडे आय, आणि पुढचं क्रियापद दर वेळी वेगळं. आय ॲम हंग्री, आय हॅव टू ब्रदर्स, आय वॉन्ट टू गो, आय हॅव टू गो, आय कॅन स्विम. ही आठ वाक्यं पाठ झाली की माणूस दुकानात, दवाखान्यात, मुलाखतीत उभा राहू शकतो. व्याकरणाचं नाव न घेता.

उच्चारांनाही मराठीच कामाला येते. विचारा, "जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जिवंत राहा, दोन्ही सारखं म्हणता का?" नाही म्हणत. दुसऱ्या ‘जग’मधला ज घ्या आणि जीभ दातांना टेकवू नका, नुसती हवा जाऊ द्या. झाला झेड. झू लिहून ‘झाडू’तला झ म्हणण्यापेक्षा हे कितीतरी जवळ जातं. व्ही आणि डब्ल्यूचंही तसंच. आपण व्हॅन लिहिताना व्ह लिहितो आणि वॉचमन लिहिताना व. म्हणजे हाताला फरक माहीत आहे, ओठांना नाही. व्हला वरचे दात खालच्या ओठावर ठेवा. वॉचमनला ‘ऊ’ म्हणायला करतो तसा ओठांचा गोल करा. हे शिकवताना सव्वासहा वाजता चार बायका स्क्रीनवर ओठांचे चंबू करून बसतात आणि सगळ्यांचीच झोप उडते.

माझ्या वयाच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगते. आपल्या राज्यात इंग्रजी पहिलीपासून आलं ते २००० साली. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीला भेटायचं. मीही सातारा जिल्ह्यातल्या गावात पाचवीलाच ए फॉर ॲपल म्हटलंय. तेव्हा आपली पोरं फाडफाड बोलतात आणि आपण अडखळतो, यात आपल्या अकलेचा काही संबंध नाही. हे ऐकून काही जणी रडल्या आहेत. मग त्या दिवशी फार शिकवत नाही.

तुम्ही कमी बोला. ४० मिनिटांत मी दहा-बारा मिनिटं बोलते, बाकी ते. त्यांच्यासाठी तर आहेच, पण तुमच्या घशासाठीही. दोन तुकड्या, मुलांचा अभ्यास आणि सासूबाईंना जरा मोठ्याने बोलणं, एवढं करून माझा आवाज पहिल्या वर्षी दोनदा बसला. आता मंगळवार आणि गुरुवारी तुकडी नाही.

तारखा, वीज आणि सण

कामाचं दुसरं वेळापत्रक तारखांचं. माझ्या ऑफिसात जीएसटीच्या दोन विवरणपत्रांच्या तारखा, जीएसटीआर-१ची ११ आणि ३बीची २०, म्हणजे लग्नघर. म्हणून ८ ते २० या काळात मी नवा विद्यार्थी घेत नाही, नमुना तासिका देत नाही, नवीन धडा लिहित नाही. जुने धडे फिरवते, बोलायला जास्त लावते. जुलैत नवी तुकडी नाहीच, कारण तेव्हा आयकराची गर्दी. तुमच्या ऑफिसला जीएसटी नसेल, पण महिनाअखेर असेल, ऑडिट असेल, काहीतरी असेलच. त्या तारखा आधी कॅलेंडरवर लाल करा, मग तुकड्या सुरू करा. मी उलट केलं होतं आणि एका २० तारखेला तुकडी चालू ठेवून मांडीखाली फोनवर ओटीपी सांगत होते.

आमच्याकडे देखभालीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी. म्हणून गुरुवार मोकळा, हे एका दगडात जमलं. इतर दिवशी अचानक गेली तर लॅपटॉपला बॅटरी असते, मरतो तो राउटर. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, पुस्तकाएवढा. तुमच्या राउटरच्या ॲडाप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते वाचून घ्या, बहुतेकांवर १२ असतं. तो नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि व्हिडिओ सगळ्यांनी बंद करायचा. इंग्रजी बोलायला चेहरा लागत नाही. उलट लाजाळू मंडळी अंधारात बरी बोलतात.

न सांगता येणाऱ्या आवाजांची वाट ही. वर्गात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा की एखाद्या दिवशी मी हात वर केला की तासिका थांबली, सगळ्यांनी पाच मिनिटं लिहायचं, आणि जमलंच नाही तर ती शनिवारी दुपारी भरून देणार. खाली वरात आली, वर भांडण झालं, तरी माझा हात वर जातो आणि चौघी वही उघडतात. ओशाळायचं नाही.

गणपतीच्या आधी संध्याकाळी ढोल-ताशांचा सराव सुरू होतो, त्याच्याशी झुंजण्यात अर्थ नाही. माझ्या तुकड्या सकाळ-दुपारच्या आहेत म्हणून वाचते. गौरी आवाहन, पूजन आणि विसर्जनाचे तीन दिवस मी सरळ सुट्टी देते. विद्यार्थिनीही तेव्हा पुरणातच असतात.

घरची माणसं

हा भाग सगळ्यात लांब चालला, म्हणजे वर्षांच्या हिशोबाने.

मुलांना "त्रास देऊ नका" सांगून उपयोग नाही. त्रास म्हणजे काय हे त्यांना ठरवता येत नाही. दारावर टकटक करायला तीनच कारणं चालतील असं आम्ही बसून ठरवलं. रक्त, धूर आणि कुरिअर. धाकट्याने ती पाटीवर लिहिली आणि शेजारी चित्रंही काढली. कुरिअर त्याने स्वतः घातलं, ओटीपी लागतो म्हणून. आठवड्याभरात त्याने दार वाजवलं आणि गुडघा दाखवला. खरचटलेलंही नव्हतं. म्हणाला, "आत रक्त असेल ना." तेवढं चालवून घ्या.

तुकडी संपल्यावर पहिली दहा मिनिटं त्यांची. फोन नाही, गॅस नाही. सव्वासहाची तुकडी संपते तेव्हा तो अर्धवट झोपेत असतो, मी नुसती शेजारी पडते. ही दहा मिनिटं दिलीत तर पुढच्या वेळी ४० मिनिटं मिळतात. चुकवलीत तर दार वाजणारच.

नवऱ्याची शिफ्ट बदलते आणि विद्यार्थ्यांची वेळ बदलता येत नाही, यावरून आमची बरीच भांडणं झाली. आता रविवारी रात्री फ्रिजवर एक चिठ्ठी लागते. पहिली शिफ्ट असेल तर मुलांचा डबा मी रात्रीच अर्धा करून ठेवते आणि कुकर सहाच्या आत उतरतो. सेकंड असेल तर सकाळचा डबा पूर्ण त्याचा. त्याच्या डब्यात भाजी कमी आणि लोणचं जास्त असतं. बोलायचं नाही. मी एकदा बोलले आणि दोन आठवडे डबा माझ्याकडे आला.

सासूबाई सुरुवातीला शेजारणीला सांगायच्या, "ती फोनवर बोलतेय, या ना आत." त्या वाईट हेतूने म्हणत नव्हत्या. बंद दारामागे हसण्याचा आवाज येतो, त्याला काम कोण म्हणेल? मी समजावत बसले नाही. एके दिवशी त्यांना खोलीत, कॅमेऱ्याच्या बाहेर खुर्चीवर बसवलं. त्यांनी ४० मिनिटं ऐकलं. जळगावच्या त्या गृहस्थांची फाटलेली इंग्रजी ऐकून पदराने तोंड झाकून हसल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तो माणूस घाबरतो गं तुला." त्यानंतर शेजारणींना "तिची शिकवणी चालू आहे" असं सांगतात. घरच्यांना एकदा तरी आत बसवा.

"घरीच असतेस ना" हे मात्र नातेवाइकांकडून यायचं थांबत नाही. बँकेत जाऊन ये, गॅस येणार आहे तर थांब, मामांना स्टेशनवरून आण. माझा उपाय साधा आहे. "वेळ नाही" म्हणत नाही, तर वेळ सांगते. "दोन वीसला निघते, चालेल का?" निम्म्या कामांना तेवढ्यानेच दुसरं कुणीतरी सापडतं.

पैसे

महिन्याची फी घेऊ नका. सण, आजारपण, वीज, वरात यांच्यामुळे महिन्याचा हिशोब कुणालाच पटत नाही. मी १२ तासिकांचे २४०० रुपये घेते, आगाऊ, यूपीआयवर. चौघांची तुकडी, त्याहून मोठी नाही, कारण ४० मिनिटांत पाचव्याच्या वाट्याला बोलणं येत नाही. मी रद्द केली तर तासिका भरून देते. विद्यार्थी आदल्या रात्री नऊपर्यंत कळवून गैरहजर राहिला तर त्याचीही, पण एकापेक्षा जास्त वेळा नाही. न सांगता गैरहजर राहिला तर गेली. हे सगळं पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर मराठीत लिहून पाठवा. तोंडी सांगितलेलं फीच्या वेळी कुणाला आठवत नाही, आणि ओळखीच्या माणसाला तर अजिबात नाही. ओळखीच्यांना मी शिकवते, पण सूट देत नाही. मैत्रिणीला सूट दिली की तीच सगळ्यात जास्त वेळा दांडी मारते.

पगार एका खात्यात, फी दुसऱ्या खात्यात. कुणी किती तासिका केल्या त्याची नोंद एका वहीत. दिवसभर लोकांचे हिशोब लिहिणाऱ्या माझी स्वतःची फी पहिलं वर्षभर कुठे गेली ते मलाच कळलं नव्हतं. फीच्या खात्यातून पहिली मोठी खरेदी इन्व्हर्टरची झाली. नवरा म्हणाला, "आता गुरुवारीही तुकडी घेशील का?" मी नाही म्हटलं. गुरुवारी आम्ही दोघी, म्हणजे मी आणि सासूबाई, दुपारी दीडला आडव्या होतो. त्या वेळी आमच्या इमारतीत काहीही ऐकू येत नाही.

उद्या शुक्रवार आणि पाण्याचा दिवस. सव्वासहाला नव्या बाईंचा पहिला तास आहे, त्या भोरहून जोडल्या जाणार आहेत आणि त्यांच्याकडे पहाटे कोंबडे असतात असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. वॉचमनला मोटर वेळेवर बंद करायची आठवण करून येते.